टेस्ट किट शून्य, खडक हिरवागार

मार्च संपता संपता भाच्याचा फोन आला. "मामा, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य आणि खडकावर नुसतं लॉन उगवलंय. किटवर विश्वास ठेवू की डोळ्यांवर?"

सुदामानगरातल्या त्याच्या घरी गेलो. हॉलमध्ये दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात दोन क्लाउनफिश, एक छोटा गोबी आणि मधोमध रचलेले खडक. त्या खडकांवर शेवाळाचे दोन-दोन इंच लांबीचे हिरवे केस पाण्याच्या झोतात डुलत होते. २०१७ पासून देशातलं सगळ्यांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदूरमध्ये आपल्याच हॉलात हे असं, म्हणून ताई वैतागली होती. तिचं म्हणणं सरळ होतं: दगड बाहेर काढा, गच्चीवर घासणीनं घासा, उन्हात वाळवा आणि परत ठेवा.

तसं केलं असतं तर टाकी मेली असती. का, ते आधी सांगतो.

टाकीतल्या अशा खडकाला लाइव्ह रॉक म्हणतात. त्यात दगड जिवंत नसतो, दगडातली वस्ती जिवंत असते. हा चुनखडीसारखा, स्पंजसारखा सच्छिद्र दगड. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष असतो. खडकाच्या बाहेरच्या थरातले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या भागात दुसरे जीवाणू असतात. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांचा गाजावाजा न करता हवेत निघून जातो. म्हणजे टाकीचं फिल्टर कपाटातल्या डब्यात कमी आणि या दगडांतच जास्त असतं. गच्चीवरच्या इंदुरी उन्हात हे सगळे जीवाणू एका दुपारीत संपले असते आणि दुसऱ्या दिवशी अमोनियानं मासे.

आता मुद्द्याची गोष्ट. नायट्रोजनला हवेत निघून जायची वाट आहे, फॉस्फरसला (फॉस्फेट हे त्याचंच पाण्यातलं रूप, शेवाळाचं खत) ती नाही. खाण्यातून जेवढा फॉस्फरस टाकीत येतो तेवढा सगळा आतच राहतो: पाण्यात, माशांत, शेवाळात किंवा दगडात. आपण हातानं बाहेर काढू तेवढाच बाहेर जातो. शेवाळाच्या जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या मुळाशी हा हिशेब असतो, आणि टेस्ट किट त्यातला फक्त एक रकाना दाखवतं.

भाच्याला मी सराफ्याचं, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचं, उदाहरण दिलं. थंडीत रात्री एक वाजता सराफ्यात गेलास आणि गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, परात रिकामी दिसली, तर आज गराडू आलेच नाहीत असं म्हणशील का? आले होते, गिऱ्हाइकांनी संपवले. तुझं किट ती परात बघतंय. गिऱ्हाईक खडकावर बसलंय, दोन इंच लांब, हिरवंगार. फॉस्फेट पाण्यात उतरायचा अवकाश, ते खाऊन टाकतं. म्हणून पाण्यात शून्य आणि खडकावर लॉन, दोन्ही खरं.

"मग इतकं येतं कुठून? मी तर चिमूटभरच घालतो."

ती चिमूट आम्ही ताईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिवसभराची मिळून मोजली. एक ग्रॅम भरली. आता साधं गणित. माशांच्या कोरड्या खाण्यात फॉस्फरस साधारण १ टक्का धरला, तर एका ग्रॅमात १० मिलिग्रॅम. फॉस्फेटच्या रूपात मोजलं की ते तिप्पट भरतं, म्हणजे ३० मिलिग्रॅम. दोनशे लिटरमध्ये वाटलं तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. प्रवाळ असलेल्या टाकीत फॉस्फेट लिटरमागे साधारण ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असावं अशी अपेक्षा असते. एका दिवसाची एक चिमूट त्या वरच्या मर्यादेच्याही पुढे जाते. यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही स्किमर (बुडबुड्यांनी घाण वर आणणारं यंत्र) फेसाबरोबर उपसून टाकतो, पण रोजची आवक ही एवढी. तीन बारक्या माशांना एवढं लागतही नाही. गोठवलेलं खाणं तो बर्फासकट टाकीत सोडायचा, ते वितळलेलं पाणी म्हणजे विद्राव्य फॉस्फेटचं सरबत. आता गाळून, धुऊन घालतो. गाळणी ताईची, चहाची. यावरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही.

दुसरी आवक नळातून. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून येतं आणि बऱ्याच घरांत त्याच्या जोडीला बोअरिंग असतं. पिण्याच्या दृष्टीनं ठीक. पण मालव्यातल्या काळ्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका असं बरंच काही विरघळलेलं असतं. भाचा म्हणाला, मी नळाचं नाही, घरच्या आरओचं वापरतो. त्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम, मोजला तर ७० च्या वर. यात बिघाड काही नव्हता. आपल्याकडचे घरगुती आरओ पाणी अगदी शून्यावर आणतच नाहीत, ते बेचव लागतं म्हणून. आत एक बारीक व्हॉल्व्ह असतो, तो थोडं मूळचं पाणी परत मिसळतो, काहींत वर खनिजांचं काडतूस. माणसाला चांगलं, टाकीला नाही.

त्यात इंदूरचा उन्हाळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, वर पंखा चालू असताना, एवढ्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, नाहीतर खारेपणा चढत जातो. हे बहुतेकांना माहीत असतं. लक्षात येत नाही ते पुढचं: महिन्याला नव्वद लिटर भर आणि त्यात लिटरमागे ७० मिलिग्रॅम काहीबाही, म्हणजे महिन्याला सहा ग्रॅमहून जास्त अनोळखी माल टाकीत साठला. थेट नळाचं तीनशे टीडीएसचं पाणी घातलं असतं तर सत्तावीस ग्रॅम. त्यात फॉस्फेट किती, सिलिकेट किती हे पाण्यावर अवलंबून, पण येतं ते जमा होतं, जात नाही. उपाय फार खर्चिक नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद, खनिजांचं काडतूस बाजूला आणि शेवटी डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, एक नळी. टीडीएस मीटर शून्य दाखवेनासा झाला की रेझिन बदलायचं.

इथे एक धोक्याची सूचना. हल्ली तांबं मिसळणारे आरओ आले आहेत आणि आपल्या मराठी घरांत तांब्याचा पिंप तर आजीच्या काळापासून. ताईनं मोठ्या मायेनं सुचवलं होतं की पिंपातलंच पाणी घाल, शुद्ध असतं. गोगलगाई, कोळंबी, खेकडे आणि प्रवाळ, यांना तांबं अगदी थोडं असलं तरी मारतं. शेवाळ खाणारी सगळी फौज एका तांब्यानं गारद.

तिसरी आवक मात्र मलाही उशिरा सुचली. मी विचारलं, हे दगड घेतलेस कुठून? एकानं टाकी बंद केली होती, त्याच्याकडून अर्ध्या भावात. त्या टाकीत ते पाच वर्षं होते, मासे भरपूर आणि पाणी बदलायचा कंटाळा. झालं. हा दगड कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेटला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर दगड ते शोषून घेतो, पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सोडतो. म्हणजे भाच्यानं दगड स्वस्तात घेतले आणि त्यांच्याबरोबर मागच्या मालकाची पाच वर्षांची उधारीची वहीही घेतली. शेवाळाचे धागे त्या वहीवरच टेकलेले, त्यामुळे पाणी स्वच्छ असलं तरी त्याचं रेशन चालू.

(खडक जुना घेतला याला माझा विरोध नाही. तो साच्यात बनवलेला कृत्रिम खडक होता, तेच बरोबर. आपल्या किनाऱ्यांवरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा खडक उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. २००१ साली प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कोणी 'कच्छचा ओरिजिनल' म्हणून विकत असेल तर उठून यावं.)

आता उपचार. पण त्याआधी ओळख, कारण 'शेवाळ' या एका शब्दाखाली चार-पाच निराळे जीव येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याचं खाद्य असतं.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत दगडावर आणि वाळूवर कॉफीची पूड भुरभुरल्यासारखा तपकिरी थर येतो, तो डायटमचा. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. सिलिका संपली की ते आपोआप ओसरतात, काही करू नका. हिरवे, मऊ, ओढल्यावर तुटणारे केस म्हणजे हेअर अल्गी, भाच्याची हीच. केसांऐवजी बारीक पिसासारखी किंवा नेच्याच्या पानासारखी रचना दिसली तर ते ब्रायॉप्सिस, चिवट प्रकरण, बहुतेक गोगलगाई त्याला तोंड लावत नाहीत. त्यावर शौकीन मंडळी फ्लुकोनॅझोल वापरतात, तेच आपलं बुरशीवरचं औषध. काम करतं, पण मेलेलं शेवाळ सगळा फॉस्फेट परत पाण्यात सोडतं, म्हणून मी ते शेवटचा उपाय मानतो. हिरव्या काचमण्यासारखे गोल फुगे दिसले तर व्हॅलोनिया. यातला एकेक मणी म्हणजे एकच पेशी, कधी कधी काही सेंटिमीटर व्यासाची! कौतुक करावं आणि मग न फोडता, दगड पाण्याबाहेर धरून, चमच्याच्या टोकानं अख्खा उचकटावा. जांभळा-गुलाबी, दगडाला रंग दिल्यासारखा कडक थर मात्र खरवडू नका. ते कोरलाइन शेवाळ, आपल्या बाजूचं.

खरी फसगत होते ती दोन गिळगिळीत प्रकारांत.

पहिला लालसर-जांभळा, मखमलीच्या चादरीसारखा थर. नखानं धरला की अख्खा पापुद्रा निघून येतो. हे शेवाळ नव्हेच, हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला सुरुवात यांच्याच पूर्वजांनी केली, तेव्हा जरा आदरानं. पाणी जिथे फिरत नाही आणि कचरा जिथे बसतो तिथे हे पसरतात. झोत वळवा, कचरा सायफननं ओढा, तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवा. काही जण सरळ अँटिबायोटिक टाकतात. ते मला पटत नाही. ज्या जीवाणूंच्या जिवावर टाकी उभी आहे त्यांच्याच घरात बॉम्ब टाकणं झालं, आणि तेच औषध उद्या माणसाला लागणार असतं.

दुसरा तपकिरी, शेंबडासारखा, तारा सुटलेला, टोकांना बुडबुडे. सकाळी कमी, संध्याकाळपर्यंत भरपूर, रात्री पुन्हा गायब. हे डायनोफ्लॅजेलेट. हे बऱ्याचदा येतात ते पाणी *फार* स्वच्छ झाल्यावर, नायट्रेट-फॉस्फेट खरंच शून्याला टेकले आणि बाकीचे प्रतिस्पर्धी उपाशी मेले की. शेवाळ समजून तुम्ही आणखी पाणी बदललंत, आणखी फॉस्फेट काढलंत, तर यांची दिवाळी. यांना हटवायला उलट थोडं पोषण वाढवावं लागतं. काही जाती विषारी असतात, गोगलगाई पटापट मरतात, म्हणून हात घालताना हातमोजे घाला. शंका असेल तर घरगुती परीक्षा आहे: थोडा गाळ टाकीच्याच पाण्यात घेऊन बाटली जोरात हलवायची, टिश्यू पेपरमधून गाळायची आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवायचं. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा धागे जमले तर डायनो. शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण एवढा सोपा आणि एवढा निर्णायक प्रयोग क्वचितच पाहिला.

आमची हेअर अल्गीच निघाली. मग रविवारी कामाला बसलो. टाकीतलं वीस लिटर पाणी बादलीत काढलं आणि दगड एकेक करून त्यातच धरून शेवाळ बोटांनी उपटलं, उरलेलं जुन्या टूथब्रशनं. टाकीतच घासलं तर तुकडे उडून दुसरीकडे रुजतात, म्हणून बादली. ते पाणी नंतर फेकायचंच होतं, पाणी बदलण्याचं काम त्यातच उरकलं. एका दगडावर फारच चिकट होतं. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढंच आरओचं पाणी घालून ३ टक्के केलं, दगड बाहेर धरून त्या भागावर ब्रशनं लावलं, दोन-तीन मिनिटं फसफसू दिलं, खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवला. हे टाकीत ओतायचं नाही, कोळंब्यांना ते बाधतं. निघालेलं शेवाळ पिळून ओल्या कचऱ्यात. दोन ओंजळी भरली आणि त्या ओंजळींबरोबर महिनोन्महिन्यांचा फॉस्फरस सकाळच्या कचरागाडीनं गेला.

गोगलगाई मी मुद्दाम *नंतर* आणायला लावल्या. लोक उलट करतात. दोन इंची केसांत टर्बो किंवा ट्रोकस गोगलगाय सोडली तर ती त्यावरून नुसती फिरते. तिला हवी असते नुकतीच फुटलेली कोवळी पालवी. आधी न्हावी, मग गाई. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात सहा आल्या, थेंबाथेंबानं पाणी मिसळत तासाभरात रुळल्या. शेवाळ खाणारा टँग मासा आण असं भाच्याला कोणीतरी सांगितलं होतं. दोनशे लिटरमध्ये टँग म्हणजे दोन खोल्यांत घोडा, नको.

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. टाकीचा दिवा बारा तासांवरून आठवर आणला. यापलीकडे उजेडाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उजेड हा इंजिनाचा वेग, इंधन नव्हे.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन, आवाज पडलेला. "मामा, एवढं करून फॉस्फेट वाढलं. ०.१२!"

मी खूश झालो. गिऱ्हाईक उठलं, परातीत माल दिसायला लागला. खाणं निम्म्यावर, पाणी शुद्ध, म्हणजे हे येत होतं ते दगडातल्या वहीतून. किट आता कुठे खरी बातमी देत होतं. इथे माणसं घाबरतात आणि फॉस्फेट शोषणारे दाणे भसाभस घालतात. ते दाणे लोहाच्या ऑक्साइडचे, गंजाचेच भाऊबंद, आणि फॉस्फेट फार जोरात ओढतात. एकदम शून्य झालं की प्रवाळ कोमेजतात आणि डायनोंना आमंत्रण. पाकिटावर सांगितलेल्याच्या पाव भागच आम्ही घातले. आकडा ०.०५ वर आला, पंधरवड्यात परत ०.०९ झाला, कारण पाण्यातलं कमी होताच दगडानं आणखी सोडलं. परत दाणे, परत चढ. दर वेळी चढ थोडा बुटका. जुनी उधारी अशीच फिटते, हप्त्यांनी.

नुसतं पाणी बदलून हे का झालं नसतं, तेही त्यानंच मोजून पाहिलं. दहा टक्के पाणी बदललं की पाण्यातलं काहीही दहा टक्केच कमी होतं. ४० चं नायट्रेट ३६ होतं, ४ नाही. नवी भर शून्य धरली तरी निम्म्यावर यायला सात वेळा बदलावं लागतं. आणि दगडातल्या साठ्याला तर ते बदललेलं पाणी शिवतही नाही.

पावसाळ्यात टाकीखालच्या कपाटात त्यानं एक छोटा डबा बसवला, त्यात कीटोमॉर्फाचा गुंता, हिरव्या नायलॉनच्या तारेसारखं शेवाळ. दिवा रात्री लावतो, म्हणजे टाकी अंधारात असताना पीएच फार घसरत नाही. फॉस्फेट खायला शेवाळ लागणारच असेल तर ते खडकावर नको, आपण नेमून दिलेल्या डब्यात वाढू दे. दर पंधरा दिवसांनी मूठभर उपटतो, वजन करतो, वहीत लिहितो. ताई म्हणते, हा घरचा किराणा कधी लिहीत नाही.

परवा गणपतीला गेलो तेव्हा खडकावर केस होते, नाहीत असं नाही, पण नखाएवढे, आणि त्यांच्यावर दोन गोगलगाई ठाण मांडून बसलेल्या. डावीकडच्या दगडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा जांभळा डाग पडलाय, कोरलाइनचा. भाचा तो टॉर्च मारून प्रत्येक पाहुण्याला दाखवत होता. ताईनं चहासाठी नवी गाळणी आणली आहे. जुनीच्या दांड्यावर तिनं मार्करनं 'मासे' असं लिहून ठेवलंय.